खोखोचे अंगण



मुलांनी मैदानावर खेळावे, याविषयी कोणाचेही दुमत नाही. प्रश्न जागेचा आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या मागील अंगणात वाहनतळ करावा, अशी सूचना पुढे आली आहे. क्रीडा शाखेच्या आम्हा कार्यकर्त्यांस तीविषयी थोडे बोलावयाचे आहे.

त्या अंगणात रोज सायंकाळी खोखो चालतो. आठ गडी मधल्या पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात. नववा पळणाऱ्याच्या मागे लागतो. त्याला पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठल्यावाचून बदलता येत नाही. पळणारा पट्टीपलीकडे निसटला, की कितीही चपळ मुलगा असो, त्याने बसलेल्या सोबत्यास मागून ‘खो’ द्यावयाचा आणि स्वतः त्याच्या जागी बसावयाचे. हाताशी आलेला गडी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे दहा वर्षांच्या मुलास किती जड जाते, हे आम्ही नित्य पाहतो. बसलेल्यासही विसावा नाही. खो मिळण्याआधी उठला तर चूक; मिळाल्यावर क्षणभर रेंगाळला तर गडी निसटला. (क्रिकेटवर आमचा राग नाही, पण सीमारेषेवरच्या लहानग्याच्या वाट्यास तेथे कित्येकदा चेंडूच येत नाही.)

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी या खेळास नियमांची चौकट दिली खरी; परंतु पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्यास झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला. खोखो केवळ आपलाच, असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. येथे कर्नाटकात तर तो घरचाच खेळ आहे. शेजारची कन्नडभाषी मुले आमच्या अंगणात येतात, त्यांस काही समजावून सांगावे लागत नाही. आपल्या मुलांस कन्नड आणि त्यांस थोडेफार मराठी आले, ते याच मातीत.

खोखोच्या मैदानास सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा लागते. तेवढ्यात फार तर वीस मोटारी मावतील. त्यांची सोय रस्त्यापलीकडे भाड्याच्या जागेत करता येईल काय, याची चौकशी आम्ही आरंभिली आहे. बांधकामाचा नकाशा सभेपुढे येईल, तेव्हा त्यावर दोन खांबांच्या जागा लाल शाईने दाखविलेल्या आढळतील. त्या तशाच राहू द्याव्यात, एवढीच विनंती.