हुंडेकऱ्याचा शब्द



आपल्याकडे पूर्वी हुंडेकरी असत. व्यापाऱ्याचा माल ठरल्या ठिकाणी पोचवावयाचा, वाटेतील जकातीही आपणच भरावयाच्या, आणि या साऱ्याचे एक ठोक भाडे घ्यावयाचे, असा त्यांचा धंदा. बैल आणि गाड्या हे त्यांचे भांडवल खरेच. पण खरे भांडवल होते त्यांचा शब्द.

आज तोच धंदा आपल्या उलव्याच्या दाराशी आला आहे. 1989 साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि 2025 च्या डिसेंबरात येथील विमानतळावरून विमाने उडू लागली. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, गावेच्या गावे उठली. एवढे देऊन आपल्या पदरी नुसती ट्रेलरची धूळ पडावयाची, की या व्यापारात आपलीही पेढी असावयाची?

समजा, येथील एका तरुणाने दोन खोल्यांत मालवाहतुकीची कचेरी थाटली. नाशिकच्या बागाईतदाराची द्राक्षे त्याला रॉटरडॅमला पाठवावयाची आहेत. थंड कंटेनर, ट्रेलर, कस्टमचा दलाल, जहाज, एवढे तो येथे जमवील. पण रॉटरडॅमच्या धक्क्यावर त्याचे कोण? मोठ्या कंपन्या देशोदेशी स्वतःच्या कचेऱ्या उघडतात. लहानाला ते परवडत नाही. म्हणून जगभरच्या लहान पेढ्या आपापसांत जाळे विणतात. 'तुझा माल माझ्या बंदरात मी सांभाळीन, माझा तुझ्या बंदरात तू सांभाळ.' अशा वाहतूकदारांच्या राष्ट्रीय संघांनी व्हिएन्नात 'फियाटा' हा जागतिक महासंघ स्थापिला तो 1926 साली. म्हणजे ही गरज काही आजची नव्हे.

लाभ घरच्या घरीही असतो. आयातीचा माल पुण्यास उतरवून कंटेनर रिकामा परततो, आणि त्याच दिवशी शेजारच्या कारखान्यासाठी दुसरा कंटेनर येथून रिकामाच वर चढतो. दोघा वाहतूकदारांची ओळख असेल आणि जहाज कंपनीची संमती मिळाली, तर तोच कंटेनर तेथे भरता येतो आणि दोन्ही रिकाम्या फेऱ्या वाचतात. ही निव्वळ कमाईच नव्हे काय?

परंतु पुष्कळजण अशा मंडळात वर्गणी भरतात, संमेलनात शंभर जणांशी हस्तांदोलन करतात, आणि 'धंदा कुठे मिळाला?' म्हणून वर्षभर कुरकुरतात. शहाणा माणूस निराळे वागतो. तो आधी चौकशी करतो : समोरचा पैसे वेळेवर देतो काय? कागदपत्रे हाती येण्यापूर्वीच माल सोडून तर देत नाही ना? कारण परगावच्या एका बेफिकीर प्रतिनिधीपायी येथली लहान पेढी बुडू शकते. मग तो मोजकीच माणसे धरतो, आणि पहिले काम मागत नाही, देतो.

खरी परीक्षा मात्र वाईट दिवशी. जहाज चुकले, थंड यंत्र बंद पडले, द्राक्षे नासू लागली. अशा रात्री फोन उचलणारा तोच आपला, बाकी सगळ्या नुसत्या नावाच्या चिठ्ठ्या.

बंदर सरकारने बांधले, सेतू सरकारने बांधला. माणसांमधला हा सेतू मात्र कोणतेही सरकार बांधून देणार नाही. तो उलव्याच्या तरुणांनीच बांधावयाचा आहे, आणि त्याचा पहिला दगड हुंडेकऱ्याचाच : दिलेला शब्द.