दूरच्या यानाचें स्वावलंबन



पृथ्वीजवळ फिरणाऱ्या उपग्रहास हांक मारली कीं क्षणार्धांत ओ येते. परंतु यान मंगळापाशीं असेल तर? २४ सप्टेंबर २०१४ रोजीं सकाळीं आपलें मंगळयान त्या ग्रहाजवळ पोंचलें, तेव्हां तें पृथ्वीपासून सुमारें २२ कोटी किलोमीटर दूर होतें. रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगानें धांवतात. तरीहि येथला शब्द तेथें पोंचण्यास सुमारें साडेबारा मिनिटें लागत. प्रश्न जाऊन उत्तर येण्यास २५ मिनिटें, आणि गति कमी करणारें मुख्य इंजिन चालावयाचें अवघीं २४ मिनिटें! त्यांतहि बराच वेळ यान मंगळाच्या आड जाणार. चूक येथें कळेपर्यंत प्रसंगच संपलेला. तेव्हां यानानें आपलें आपण पाहावें, एवढाच मार्ग उरला.

हें कसें साधतें? प्रथम आपलें तोंड कोणीकडे आहे हें यानास कळलें पाहिजे. त्यासाठीं एक यंत्र सूर्य शोधतें. दुसरें समोरच्या आकाशाचें चित्र घेऊन तें स्मरणांतील तारकांच्या यादीशीं ताडून पाहतें. खलाशी ध्रुव पाहून नाव हांकीत, त्यांतलाच हा प्रकार. आपण किती वळलों हें जायरोस्कोप सांगतो.

दिशा कळली, आतां वळावें कसें? तेथें पाय रोवण्यास जमीन नाहीं, वल्हें मारण्यास पाणी नाहीं. म्हणून यानाच्या पोटांत चार चाकें बसविलीं होतीं. चाक एका बाजूस फिरलें कीं यान हळूच उलट बाजूस वळतें. अधिक जोर हवा असेल तेथें लहान इंजिनें मदतीस येतात.

तिसरी गोष्ट विवेकाची. त्या सकाळचा सारा कार्यक्रम सुमारें दहा दिवस आधींच यानाच्या संगणकांत भरून ठेवला होता. मुख्य इंजिन जवळजवळ दहा महिने निजलें होतें. म्हणून २२ सप्टेंबरला तें सुमारें चार सेकंद चालवून पाहिलें. तें ऐन वेळीं रुसलें असतें तर आठ लहान इंजिनांनीं काम उचलावें, अशीहि योजना होती. आणि इंजिन नेमकें केव्हां थांबवावें, हें वेगांतील फरक मोजणाऱ्या यंत्राच्या साक्षीनें ठरावयाचें होतें.

मग असें यान स्वतंत्र झालें काय? माझ्या मतें नाहीं. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं चंद्रावर उतरणारा विक्रमहि आपलें आपण पाहणाराच होता. उतरतांना त्याचा वेग ठरल्याहून अधिक घटला, पुढची स्थिति आराखड्यांत धरलेल्या मर्यादेपलीकडे गेली आणि तो कोसळला. यंत्रानें आज्ञाभंग केला नव्हता. पुढें काय वाढून ठेवलें आहे, तें मनुष्यानेंच पुरतें कल्पिलें नव्हतें. नंतरच्या यानास अधिक विपरीत प्रसंग सोसण्याची तयारी देण्यांत आली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीं तें चंद्राच्या दक्षिण भागांत सुखरूप उतरलें.

परीक्षेच्या दालनांत मास्तरांस प्रवेश नसतो. विद्यार्थ्याबरोबर जाते ती केवळ त्यांची शिकवण. यानाचेंहि तसेंच आहे. त्याचें स्वावलंबन म्हणजे कोणाची तरी दूरदृष्टि. सहा महिन्यांच्या बेतानें धाडलेलें मंगळयान एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे साडेसात वर्षें, मंगळाभोंवतीं फिरत राहून बोलत होतें. यंत्रांवर उद्यां आपण आणखी पुष्कळ कामें सोंपविणार आहों. सोंपवितांना विचार करण्याचें काम मात्र आपणच आधीं पुरें केलें पाहिजे.