चंदीगड कसे पाहावे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘चंदीगड’ असे सांगितले, आणि ते क्षणभर थबकले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. शहरे आणि इमारती यांच्यासाठी वास्तुशिल्पज्ञ आहेत. शंका रास्त होती. आम्ही वास्तुशास्त्राचे पदवीधर नाही. खरे तर कोणत्याच शास्त्राचे नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, कंदिलाखाली नव्हे पण एका मिणमिणत्या बल्बखाली वाचले. मात्र सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणारे, घमेली वाहणारे आणि परांचीवर चढणारे लोक यांच्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे नवी इमारत दिसली की ती कोणी आखली याच्याबरोबर ती कोणी बांधली हेही विचारण्याची खोड लागली आहे. चंदीगडला ही खोड फार उपयोगी पडते.

आपल्याकडची सहलीची मंडळी सिमला-मनालीला जाताना चंदीगडला अर्धा दिवस उतरतात. रॉक गार्डन, सुखना तलाव, गुलाबांची बाग, सेक्टर सतरामध्ये थोडी खरेदी, आणि संध्याकाळी गाडी डोंगराच्या रस्त्याला लागते. परत आल्यावर सांगतात, “शहर स्वच्छ आहे, रस्ते सरळ आहेत, पण सगळे सारखेच दिसते.” अर्ध्या दिवसात याहून वेगळे काय दिसणार?

हे शहर हौसेने बांधलेले नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९४७ साली पंजाबची फाळणी झाली, लाहोर सीमेपलीकडे गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. सरकारी कचेऱ्या सिमल्याला नेल्या. लाखो निर्वासित छावण्यांत पडले होते. अशा वेळी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंडी देवीच्या देवळाजवळची जागा १९४८ मध्ये ठरली. तेथे आधी काहीच नव्हते असे समजू नये. शेते होती, आंब्याची झाडे होती, खेडी होती. ती खेडी उठविली गेली. लाहोरहून उठून आलेल्यांसाठी दुसऱ्या कोणाला उठावे लागले, ही त्या शहराच्या पायातली गोष्ट आहे. तिचा धागा पुढे पुन्हा लागेल.

पहिला आराखडा अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराचा. त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात वारला. मग थापर आणि वर्मा हे पंजाब सरकारचे दोन अधिकारी युरोपात गेले आणि ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज पतिपत्नी अशी चौकडी जमवून आले. कॉर्बुझिएचे नाव जगभर गाजले. पण तो वर्षातून काही आठवडे येई. चंदीगडात खरा राहिला तो जानरे, १९६५ पर्यंत. त्याच्या मृत्यूनंतर त्याची रक्षा १९७० साली सुखना तलावात सोडण्यात आली. आणि या चौघांच्या हाताखाली जी भारतीय तरुण मंडळी होती त्यांत आदित्य प्रकाश, ऊर्मिला युली चौधरी, जीत मल्होत्रा यांच्याबरोबर प्रभावळकर असे आपल्या ओळखीचे आडनावही सापडते.

आता कॅपिटॉल, म्हणजे शहराच्या उत्तर टोकाचा राजकारभाराचा भाग. तेथे ओळखपत्र दाखवून, नाव नोंदवून, वाटाड्याबरोबर जावे लागते. उच्च न्यायालय १९५५ सालचे; सचिवालय १९५८ चे, लांबी २५४ मीटर; विधानसभेचे उद्घाटन १९६४ साली झाले. २०१६ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाच्या यादीत घातले. वाटाडे ही माहिती भरभर सांगतात. आपण मात्र भिंतीच्या अगदी जवळ जावे. काँक्रीटला गिलावा नाही, रंग नाही. जागोजागी सेंट्रिंगच्या फळ्यांची सांध आणि लाकडाची नस त्यावर जशीच्या तशी उमटलेली आहे. कुठे फळी हललेली दिसते, कुठे माल नीट बसला नाही तेथे खडी दिसते. कॉर्बुझिएने हे पाहून तक्रार केली नाही. त्याला असेच खडबडीत काँक्रीट हवे होते. त्यामुळे झाले असे की ज्या सुताराचे नाव कोणत्याही पाटीवर नाही त्याच्या हाताची निशाणी आज सत्तर वर्षे तिथे आहे. दुसऱ्या इमारतीत ती गिलाव्याखाली गेली असती.

त्या काळची छायाचित्रे पाहावीत. यंत्रे थोडी. बायका डोक्यावर घमेली घेऊन उतारावरून रांगेने चढत आहेत, गाढवे माल वाहत आहेत, परांची लाकडी बल्ल्यांची, दोरांनी बांधलेली. इतक्या गुंतागुंतीच्या आकाराची इमारत अशा साधनांनी उभी करायची म्हणजे गवंड्याला आणि मिस्त्रीला नकाशा नुसता वाचून चालत नाही. विधानसभेचे सभागृह आतून एक प्रचंड बुरूज आहे, वर निमुळता होत छपरातून बाहेर निघणारा. त्याची कल्पना कॉर्बुझिएला अहमदाबादच्या वीजकेंद्रातील पाणी थंड करण्याच्या बुरुजांवरून सुचली. आम्हांला ही हकीकत फार आवडते. कारखान्याच्या आवारात जे आमच्या लोकांना रोज दिसते आणि ज्याला कोणी सुंदर म्हणत नाही, ते उचलून त्याने कायदे करणाऱ्यांच्या डोक्यावर ठेवले. उच्च न्यायालयाच्या दालनांतील लोकरीची मोठमोठी चित्रपटे त्याच्या आराखड्यावरून काश्मिरी विणकरांनी विणली. राज्यपालांचा महाल मात्र बांधला गेला नाही. लोकशाहीत असला महाल कशाला, असे नेहरूंचे म्हणणे पडले, असे सांगतात. ती जागा मोकळीच राहिली.

कॅपिटॉलचे इतके पुरे. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी ते एक वेळ चुकवले तरी चालेल. सेक्टर बावीस चुकवू नये.

सेक्टर म्हणजे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असा एक चौक. कडेने वेगवान रस्ता; त्यावर घराचे दार उघडत नाही. मधून बाजाराचा रस्ता जातो, त्याला छेद देऊन हिरवा पट्टा, त्यात शाळा आणि मैदान. मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यातला हिशेब. सेक्टर बावीस आधी बांधून झालेल्यांपैकी एक. फ्राय आणि ड्रू यांनी तेथे सरकारी नोकरांची घरे आखली. पैसा कमी, सिमेंट महाग, म्हणून विटा. विटांच्याच जाळ्या, विटांचेच सज्जे, उन्हाच्या बाजूला लहान खिडक्या. त्यांत शिपायाचे घर पाहावे. दोन खोल्या, व्हरांडा, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि भिंतीचे अंगण.

ही यादी वाचताना आपल्यापैकी अनेकांना काही वाटणार नाही. पण ज्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे आणि मजल्याच्या टोकाला वीस बिऱ्हाडांचा एक नळ असे दिवस काढले आहेत, त्यांनी १९५० नंतरच्या त्या वर्षांत शिपायाला स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास मिळाला याचा अर्थ मनात आणावा. तेथील एका वृद्ध बाईंनी आम्हांला अंगणात खाट टाकून चहा दिला. त्यांचे यजमान शिपाई होते, मुलगाही सरकारी नोकरीत. आम्ही विचारले, “माताजी, या घरात सर्वांत चांगले काय?” त्यांनी बोटाने भिंत दाखविली आणि म्हणाल्या, “भाईसाहेब, ही. उन्हाळ्यात आम्ही बायका इथे उघड्यावर झोपतो, रस्त्यावरचे कोणी बघत नाही.” घराची जाहिरात करणाऱ्या कोणत्याही पुस्तिकेत हे आम्ही वाचले नव्हते.

हे मान्य केल्यावर दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. ही घरे पगाराच्या श्रेणीप्रमाणे ठरली. मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत तेरा प्रती, पुढे चौदावी निघाली, प्रत्येकीला आकडा. वरची घरे उत्तरेकडे, प्रशस्त बागांत, कॅपिटॉलच्या जवळ. जसजसे दक्षिणेकडे यावे तसतशी दाटी. कोण कुठल्या सेक्टरात राहतो हे ऐकले की त्याचा पगार कळतो. जातीच्या आळ्या मोडून पगाराच्या आळ्या बसविल्या, असे आमच्या एका सोबत्याने तेथे म्हटले, आणि आम्हांला ते खोडता आले नाही.

पण तेरावा किंवा चौदावा आकडा मिळण्यासाठीही सरकारी नोकरी लागते. ज्यांनी खांद्यावरून विटा वाहिल्या ते नोकर नव्हते, रोजंदार होते. मूळ आराखड्यात त्यांच्यासाठी सेक्टर नव्हता. बांधकाम संपले की ते निघून जातील असे गृहीत धरले होते. माणसे अशी निघून जात नाहीत; शहराला झाडणारा लागतो, भाजी विकणारा लागतो, पुढची इमारत बांधणारा लागतो. मधू सरीन यांनी १९८२ मध्ये चंदीगडवर पुस्तक लिहिले, त्यात या आराखड्याबाहेरच्या वस्त्यांची हकीकत सविस्तर आहे. आधी ‘तात्पुरत्या’ मजूर वसाहती, मग त्यांचे स्थलांतर, मग पुन्हा झोपड्या, पुन्हा हटविणे. पहिला टप्पा दीड लाख लोकांसाठी आणि एकूण शहर पाच लाखांसाठी आखले होते; २०११ च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या दहा लाख पंचावन्न हजारांवर गेली. उद्योगक्षेत्रातली कॉलनी नंबर चार ही अशीच अनेक वर्षांची वस्ती. ती प्रशासनाने २०२२ साली जमीनदोस्त केली. पात्र ठरलेल्या काही कुटुंबांना मलोया येथे भाड्याची घरे मिळाली. दिवस कोणता निवडला होता? १ मे. पंचांग पाहणारा कोणी त्या कचेरीत नसावा.

आता रॉक गार्डन. ते पाहायला सगळेच जातात, आणि जावेच. पण ते काय आहे हे कळून जावे. नेकचंद सैनी हा सीमेपलीकडच्या शकरगढ भागातला माणूस, फाळणीत उठून आलेला. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. शहर बांधले जात होते तेव्हा पाडलेल्या खेड्यांचा मलबा पडला होता: फुटकी भांडी, कौले, बांगड्यांचे तुकडे, रिकाम्या पिंपांचे पत्रे. हा गृहस्थ १९५० नंतरच्या दशकाच्या शेवटापासून कामावरून सुटल्यावर सायकलीवरून ते गोळा करून सुखनाजवळच्या राखीव रानात नेई आणि त्यातून माणसे, जनावरे, पक्षी घडवी. रानात बांधकामाला मनाई होती, म्हणून लपून. १९७५ च्या सुमारास सरकारला पत्ता लागला. कायद्याने पाहिले तर ते अतिक्रमण, पाडायचेच होते. परंतु काही जाणत्या अधिकाऱ्यांनी आणि लोकांनी ते वाचविले. १९७६ मध्ये बाग उघडली, आणि खात्याने त्याला पगार व पन्नास मजूर दिले. पुढे बागेतून रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले तेव्हा नागरिक साखळी करून उभे राहिले. नेकचंद २०१५ मध्ये वारला. २०२५ साली न्यायालयाकडील वाहतुकीसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आलाच.

त्या बागेत उंच भिंतींमधून वाकून जावे लागते, वाट वळते, पुढचे दिसत नाही. बाहेरच्या सरळ रस्त्यांना त्या रस्ते निरीक्षकाने दिलेले ते उत्तर आहे असे आम्ही समजतो. बांगड्यांच्या काचांनी मढविलेल्या बायकांच्या रांगेसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. त्या बांगड्या उठविलेल्या खेड्यांतल्याच असतील असे नाही. पण काही असतीलच.

एक गोष्ट मात्र परदेशात गेली: खुर्ची. कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांसाठी जानरेच्या आराखड्यावरून स्थानिक सुतारांनी सागवान आणि वेताचे सामान केले. पुढे ते मोडके म्हणून गच्चीवर पडले आणि भंगाराच्या भावाने लिलावात गेले. युरोपातील व्यापाऱ्यांनी ते घेतले, दुरुस्त केले, आणि तिकडच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांच्या किमतीला जाऊ लागली. शहराचा नकाशा ओतलेली गटाराची लोखंडी झाकणेसुद्धा गेली. २०११ मध्ये केंद्राच्या गृहखात्याने या सामानाच्या विक्रीला बंदी घातली. पण जुन्या वस्तूंचा कायदा शंभर वर्षांच्या खालच्या वस्तूला लागू होत नाही, त्यामुळे परदेशातले लिलाव थांबत नाहीत. त्या खुर्च्या ज्यांनी रंध्याने साफ केल्या त्या सुतारांची रोजी काय होती, हे लिलावाच्या सूचीपत्रात छापीत नाहीत.

शेवटी ‘उघडा हात’. कॅपिटॉलमध्ये सुमारे सव्वीस मीटर उंचीवर वाऱ्याने फिरणारा लोखंडी हात आहे. कॉर्बुझिए १९६५ साली वारला. हात १९८५ मध्ये उभा राहिला, आणि तो घडविला नंगलच्या कारखान्यातील कामगारांनी. त्याच्या पायथ्याशी जमिनीत खोल उतरलेला एक चौक आहे. लोकांनी तेथे बसून सार्वजनिक प्रश्नांचा खल करावा, अशी त्या फ्रेंच माणसाची कल्पना होती. आज तेथे वाटाड्याबरोबर जायचे, फोटो काढायचा आणि परतायचे. पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या विधानसभा शेजारी, त्यामुळे बंदोबस्त कडक.

सभा-मोर्चासाठी प्रशासनाने सेक्टर पंचवीसमधले मैदान नेमून दिले आहे. शहराची स्मशानभूमीही त्याच सेक्टरात. सहलीच्या नकाशावर हे मैदान नाही. आम्ही रिक्षाने गेलो तेव्हा तेथे कंत्राटी कर्मचाऱ्यांची सभा चालू होती. बहुतेक बायका, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या. पंजाबी सगळे कळत नव्हते, पण ‘पक्की नौकरी’ हे शब्द कळत होते. एकीने सरकून जागा दिली, पाण्याची बाटली पुढे केली, आणि गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही तेथे बसलो.