जोत्याखालची घूस : मृगाआधी करायची कामे



मृग पंधरवड्यावर आला. कौले शाकारून झाली असतील, बांधही घातले असतील. पण घराच्या जोत्याकडे वाकून कोणी पाहिले का? राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन या पट्ट्यात काही जुनी घरे अजून दगडमातीच्या जोत्यावर उभी आहेत. आतला मातीचा भराव म्हणजे घुशीला आयती कोरडी जागा. पावसात शेतातली बिळे पाण्याखाली जातात, कापणीनंतर शेतातला दाणा संपतो. दोन्ही वेळा हे जनावर घराकडे वळते.

गेल्या श्रावणात मी एका घरी गेलो होतो. ओटीवर पाय ठेवला की फरशी पोकळ वाजत होती. घरधनी म्हणाले, "साहेब, उंदीर कुणाकडे नाहीत?" दोन फरश्या उचलल्या तर खाली हातभर खोल पोकळी, आणि पागोळ्यांचे पाणी सरळ तिच्यात शिरत होते. आठ दिवसांत कोपऱ्याचा खांब खचला. वेळीच माणसे बाहेर झोपली म्हणून बरे. घूस माती उकरते, पण भिंत बसते ती त्या वाटेने शिरलेल्या पाण्याने.

जोत्याशी ताज्या मातीचा उकीर दिसला की समजा, आत वस्ती आहे. सगळी भोके संध्याकाळी ओल्या मातीने लिंपा. सकाळी जे उघडलेले असेल तेच चालू बीळ. त्याच्या तोंडाशी पिंजरा ठेवा. घूस मोठी संशयी असते, म्हणून दोन-तीन रात्री पिंजऱ्याचे दार बांधून नुसते खाऊ घाला, मग चाप लावा. आमिष म्हणून सुक्या बोंबलाचा तुकडा उत्तम; आपल्याकडे तो शोधावा लागत नाही. मांजरावर भिस्त ठेवू नका, पुऱ्या वाढलेल्या घुशीच्या वाटेला ते जात नाही.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरतात ती अॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी घराखालच्या बिळात कधीही टाकू नका. ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो फरशीच्या फटींतून झोपायच्या खोलीत येतो. अशाने माणसे दगावली आहेत आणि या विषावर उतारा नाही. तिच्या उघड विक्रीवर बंदी आहे, ती उगीच नाही. कोणी "चार गोळ्या देतो" म्हणाला तरी घेऊ नका.

घूस गेली की बिळाचे नुसते तोंड बुजवून भागत नाही. टणक माती लागेपर्यंत खणा. आत दगड आणि मुरूम भरून पाणी मारत धुम्मसाने ठोका. वरच्या वीतभर भागात फुटक्या काचा घालून सिमेंट-वाळूचा माल भरा. मग जोत्याच्या कडेने फूटभर खोल चर खणा आणि पाव इंच भोकाची जाड तारेची जाळी उभी लावा. तिचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून पुरा. भिंतीलगत उकरणारी घूस या आडव्या जाळीवर अडते. मोरीच्या तोंडालाही तीच जाळी बसवा. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब जाईल असा उतार द्या. पेंढ्याची उडवी आणि सरपण भिंतीला टेकवू नका.

हे काम करताना पायात गमबूट आणि हातात मोजे हवेत. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात त्याचे रुग्ण एकदम वाढले होते. पायाला जखम असेल तर त्या दिवशी चरात उतरूच नका. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना "बीळ उकरले होते" एवढे आवर्जून सांगा.