ऊन कुंडांतील हिरवा थर

मीरा-भाईंदरहून वज्रेश्वरीच्या यात्रेस जाणारीं कुटुंबें तेथील ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान करितात. दगडावरील हिरवट, बुळबुळीत थर मात्र घाण समजून टाळतात. वास्तविक तो थर सजीव असतो. त्यांतील नीलहरित शेवाळ दिसावयास वनस्पतीसारखें, पण जातीनें जीवाणू होय. थॉमस व एला गोन्साल्विस यांनीं अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांतील शेवाळांचा अभ्यास १९६५ सालीं प्रसिद्ध केला.

येथील काळा दगड सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. परंतु कुंडांतील उष्णता त्या ज्वालामुखीची नव्हे. पावसाचें पाणी भेगांतून खोल उतरतें, तापतें व पुन्हां वर येतें. बहुतेक वनस्पति जेथें शिजून जातील, अशा ७३ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यांतहि या कुळांतील कांहीं जाति सूर्यप्रकाशावर आपलें अन्न तयार करितात. पृथ्वीच्या हवेंत प्रथम प्राणवायु भरला, तो याच कुळानें.

२००७ सालीं मंगळावर 'स्पिरिट' या यंत्रगाडीस सिलिकाचा साठा आढळला. तो प्राचीन ऊन झऱ्यांचा असावा, या तर्कानें शास्त्रज्ञ हर्षित झाले. कारण असे झरे म्हणजे जीवाचें संभाव्य वसतिस्थान.

परग्रहावर जीव शोधावयाचा आणि घराजवळचा साबणानें धुऊन टाकावयाचा, हें शहाणपण नव्हे. कुंडांत साबण न लावणें व तो थर न खरवडणें, एवढें प्रत्येक यात्रेकरूस सहज साधेल.