मयताच्या घरी पावती मागायची कुणी?

आज बोलायचा विषय जरा जड आहे. घरात मयत झालं की त्या दोन-चार दिवसांत कोण किती पैसे घेतं, ते बरोबर घेतं का, आणि चुकीचं घेतलं तर सांगायचं कुणाला, याबद्दल आम्ही बोलणार आहोत. अशा वेळी पैशाचं बोलू नये, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. म्हणूनच आज बोलायचं.

आम्हाला हे कसं सुचलं ते सांगतो. वर्षअखेरीला गटाचं कर्ज रजिस्टर बघत होतो. एका वर्षात तिघींनी रात्रीतून कर्ज उचललं होतं, कारण लिहिलं होतं ‘मयत खर्च’. तिघींना विचारलं, पैसे कुणाला दिले? पावती? एकीकडेही नव्हती. आपण किलोभर साखरेचा हिशोब ठेवतो, आणि इथं हजारो रुपये गेले तरी चिठोरं नाही.

त्यातल्या एका ताईची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात तिचे मालक गेले. दवाखान्यानं सांगितलं, राहिलेलं बिल भरा, मग मयत न्या. चार तास ती जिन्यात बसून होती. मग गाडी ठरली दोन हजाराला. गावच्या फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि म्हणाला, रस्ता खराब आहे, चार हजार द्या. पाऊस चालू, मयत गाडीत. कोण भांडणार? दिरानं आमच्या खजिनदार ताईचं दार वाजवलं. वखारीतून लाकूड आलं ते ओलं आणि वजनाला कमी. सरणाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. तिथं काटाच कुणी बघितला नव्हता. शेवटी रॉकेल कुठनं मिळतंय ते शोधत फिरावं लागलं.

ताई आम्हाला म्हणाली, “पैशाचं जाऊ द्या. त्यांना फाट्यावर थांबवून ठेवलं, ते विसरत नाही.”

मैत्रिणींनो, हे सहन करायचं नसतं. यात कुठं काय नियम आहे ते नीट ऐका.

पहिलं, बिलासाठी मयत अडवून ठेवता येत नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हा हक्क लिहिलेला आहे. बिलाचं देणं बुडत नाही, ते नंतर मागायचे मार्ग दवाखान्याला आहेत. पण मयत तारण नव्हे. अडवलं तर ११२ ला फोन करा आणि नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

दुसरं, गाडी. १०८ ची गाडी रुग्णासाठी असते, मयतासाठी नाही. सरकारी दवाखान्यात शववाहिका आहे का ते आधी विचारा. खाजगी रुग्णवाहिकेचे दर जिल्ह्याचं परिवहन प्राधिकरण ठरवतं. जादा घेतले तर तक्रार आरटीओ कार्यालयात. गाडीचा नंबर मात्र पाहिजेच.

तिसरं, लाकूड. वजनात मारलं तर वैधमापन विभाग. आणि पैसे देऊन घेतलेली कुठलीही सेवा वाईट दिली, तर ग्राहक कायदा लागतो. १९१५ या नंबरवर फोन करून सल्ला मिळतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, मृत्यूची नोंद. २१ दिवसांत केली तर पैसे लागत नाहीत आणि पहिला दाखला मोफत मिळतो. मयत जिथं झालं, तिथं नोंद होते. आमच्या ताईचं इथंच चुकलं. ती गावच्या ग्रामपंचायतीत गेली, तिथं कळलं की नोंद तालुक्याच्या नगरपालिकेत आहे. सुतकात बाईनं बाहेर पडायचं नाही म्हणून ती घरी बसली, आणि २१ दिवस उलटले. मग विलंब शुल्क आणि हेलपाटे. दाखल्याशिवाय बँकेतला ४३६ रुपयेवाला २ लाखांचा विमा मिळत नाही, सातबाऱ्यावर वारस लागत नाही, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाचे राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २० हजार अडतात. सुतक तेरा दिवसांचं, नुकसान वर्षभराचं.

आता तक्रार कशी करायची? आमचा पहिला अर्ज फसला. दोन पानं लिहिली, दवाखाना, ड्रायव्हर, वखार, सगळ्यांवर राग काढला. साहेबांनी वाचून बाजूला ठेवला. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, त्यात तारीख नव्हती की गाडीचा नंबर नव्हता. मग नंबर शोधला. भावकीतल्या एका पोराच्या मोबाइलमध्ये गाडीचा फोटो निघाला. दुसऱ्यांदा प्रत्येकासाठी वेगळा अर्ज केला. काय झालं, कधी, कुठं, ठरले किती, घेतले किती, आणि आम्हाला काय पाहिजे. एवढंच. अर्ज दिला की पोच घेतली, शिक्का आणि तारखेसकट.

दोन महिन्यांनी जादाचे दोन हजार परत आले. दवाखान्याच्या अर्जाचं उत्तर अजून नाही, आम्ही दर महिन्याला विचारायला जातो. वखारवाल्याकडे अर्ज न करता आधी आम्हीच गेलो. तो म्हणाला, पावसात लाकूड झाकायला जागा नाही. आता ताडपत्री घातली आहे आणि लाकूड समोर मोजून देतो. सगळ्याच तक्रारी साहेबापर्यंत न्याव्या लागत नाहीत. आणि स्मशानात राबणारा माणूस हा आपला शत्रू नव्हे. त्याला ठरलेली मजुरी वेळेवर द्या, मग नीट कामाची अपेक्षा धरा.

स्मशानभूमीची देखभाल हे ग्रामपंचायतीचं काम आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथं आम्ही विषय मांडला. शेडवर पत्रा, पाण्याची टाकी, आणि गाडी-लाकडाचा दर लिहिलेला फलक. काहीजण हसले, मयताचा भाव लावता का म्हणाले. आम्ही सांगितलं, भाव आधीच लागलेला आहे, फक्त तो फाट्यावर कळतो. फलक लागला. शेडचा पत्रा अजून व्हायचाय.

ठरावानं काय होतं, असं म्हणू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. एका गावानं तोंड उघडलं म्हणून.

आमच्या गटात आता चौघींची नावं ठरलेली आहेत. मयत झालं की दोघी त्या बाईजवळ बसतात, दोघी वहीपेन घेऊन हिशोब बघतात. दर विचारतात, गाडीचा नंबर लिहितात, पावती घेतात, नोंदीची तारीख लक्षात ठेवतात. जिचं माणूस गेलंय तिनं रडावं. पावती मागायचं काम तिचं नाही, आपलं आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. चार नावं वहीत लिहा. गरज लवकर पडू नये, पण पडली तर बाई एकटी नसावी.