पडद्यावरील गोंधळ आणि त्याचा उलगडा



संगणक शिकू लागलेल्या मुलांच्या हातून एक प्रकार वारंवार घडतो. टर्मिनलवर 'कॅट' ही आज्ञा देऊन मूल एखाद्या चित्राची फाइल वाचू पाहते. क्षणात पडदा विचित्र चिन्हांनी भरतो, घंटी वाजते, आणि कधी कधी त्यानंतर टाइप केलेले अक्षरही रेघोट्यांसारखे उमटते. यंत्र आपण बिघडविले, असे वाटून मूल घाबरते. वस्तुतः काहीही बिघडलेले नसते.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवितो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे ठरविणारी 'आस्की' संकेतावली अमेरिकेत १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात ० ते १२७ असे १२८ संकेत आहेत. ६५ म्हणजे इंग्रजी मोठा 'ए'. परंतु पहिले ३२ संकेत अक्षरे नसून आज्ञा आहेत. टेलिप्रिंटरच्या काळातला हा वारसा. ७ म्हणजे घंटी वाजव. १४ म्हणजे दुसरा अक्षरसंच घे. २७ म्हणजे पुढची चिन्हे आज्ञा समज. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलची ही रीत आजचे टर्मिनल प्रोग्रामही पाळतात.

चित्राच्या फाइलीत हेच आकडे रंगांसाठी असतात. टर्मिनलला ते कसे कळावे? ते निमूटपणे आज्ञा पाळते.

५ हा संकेत तर 'तू कोण?' असा प्रश्न आहे. 'पुटी' हा प्रोग्राम त्यावर आपले नाव कळवितो, आणि ते आपणच टाइप केल्यासारखे आज्ञेच्या ओळीत येऊन बसते. धोका इथेच आहे. असे संकेत फाइलीत मुद्दाम पेरता येतात. काही टर्मिनल प्रोग्रामांतील दोषांमुळे याच वाटेने परक्याच्या आज्ञा चालविणे शक्य झाले होते.

उपाय सोपा आहे. अक्षरे वाचता आली नाहीत तरी 'रीसेट' टाइप करून एंटर दाबावे. मूळ फाइल सुरक्षितच असते, कारण 'कॅट'ने ती केवळ वाचलेली असते. अनोळखी फाइल उघडण्यापूर्वी 'फाइल' या आज्ञेने तिचा प्रकार विचारावा. आतले आकडे पाहायचे असल्यास 'ओडी' वापरावी.

पालकांना एकच विनंती. मूल घाबरून आले तर रागावू नका. "कोणता आकडा आज्ञा ठरला असेल?" एवढे विचारा. भीतीने यंत्रापासून दूर गेलेले मूल परत आणणे कठीण. उत्तर शोधायला बसलेले मूल मात्र आपोआप पुढे जाते.